मिडलफिल्ड रोडवरचे शीत

कॅलिफोर्नियात सान फ्रान्सिस्को आणि सान होजे या दोन शहरांच्या मधोमध रेडवूड सिटी नावाचे गाव आहे. ‘सरकारी चाचणीनुसार सर्वोत्तम हवामान’ अशा अर्थाचे वाक्य हे गाव आपल्या कमानीवर मिरवते. हवामानाबद्दल माझी तक्रार नाही. पण आमच्या ऑफिसच्या काचेच्या इमारतीतून बाहेर पडून मिडलफिल्ड रोडला लागले, की दुकानांच्या पाट्या हळूहळू स्पॅनिश होत जातात. खाटीक, बेकरी, मिठाई, पैसे पाठवण्याची खिडकी, लग्नाचे झगे. या भागाला लोक ‘छोटे मिचोआकान’ म्हणतात. मिचोआकान हे पश्चिम मेक्सिकोतले राज्य. तिथल्या आगिलिल्या नावाच्या डोंगराळ गावातली माणसे 1940 च्या दशकापासून इथे येत राहिली आणि आज त्या एका गावाची तिसरी-चौथी पिढी इथे नांदते आहे. आपल्याकडे ‘स्विंडनला अर्धे गोंय आहे’ असे म्हणतात ना, तसेच काहीसे.

या रस्त्यावर माझे दुपारचे जेवण आहे. सहा टेबले, त्यांवर फुलाफुलांचे मेणकापड, भिंतीवर ग्वादालुपेच्या मातेची तसबीर आणि तिच्याभोवती बारा महिने पेटणारी दिव्यांची माळ. फोंड्याच्या बाजारात भाजी-पाव मिळणारी जी जुनी हॉटेले आहेत, त्यांचीच ही मावसबहीण. तसाच वाफाळलेला आरसा, तसाच स्वयंपाकघरातून येणारा भांड्यांचा आवाज, आणि गल्ल्यावर बसलेले माणूस आपल्याकडे पाहण्याआधी आपल्या ताटाकडे पाहते, तेही तसेच. हॉटेलाचे नाव मी लिहिणार नाही, कारण पुढे कळेल. दोन-चार तपशीलही इकडचे तिकडे केले आहेत.

2014 साली ऑफिसातल्या मंडळींबरोबर पहिल्यांदा गेलो, तेव्हा सर्वांनी मागवला तोच मीही बुरीतो मागवला. बुरीतो म्हणजे लहान मुलाच्या उशीएवढी गुंडाळी. तोर्तियामध्ये भात, शेंगांचे दाणे, मांस, सगळे कोंबून वर चांदीचा कागद. इतका जंगी बुरीतो मेक्सिकोत कुणी खात नाही, तो सान फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात 1960 च्या दशकात वाढीला लागला. ऑफिसच्या माणसाला तो सोयीचा, एका हाताने खाता येतो आणि दुसरा हात फोनसाठी मोकळा राहतो. मला मात्र तो कधी रुचला नाही. भात गुंडाळून का खायचा? भात हा पसरून, आळे करून, त्यात कालवण ओतून खायचा पदार्थ आहे. गोंयकाराला हे समजावून सांगायला नको.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला शेजारच्या टेबलावरचा रंगाऱ्याच्या कपड्यांतला म्हातारा काय जेवतोय ते पाहिले आणि माझा जीव भांड्यात पडला. खोलगट बशीत पांढरा शुभ्र मोकळा भात होता. त्यावर पळीभर पातळ शिजवलेले फिकट पिवळसर दाणे, टोमॅटोचा तिखट लाल रस आणि वर चुरलेले पांढरे चीज. इतर मेक्सिकन हॉटेलांत भात टोमॅटोत परतून नारिंगी केलेला असतो. हा तसा नव्हता. हे शीत होते! मी गल्ल्यावरच्या बाईंना बोट दाखवून विचारले. त्या म्हणाल्या, “मोरिस्केता.” आणि माझ्याकडे जरा संशयाने पाहिले, कारण ते गरिबाघरचे जेवण; ऑफिसचे पट्टे गळ्यात घालून येणारे लोक ते मागत नाहीत.

त्या रविवारी बाबांशी फोनवर बोललो. बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “आज किदें जेवलो रे?” आणि दुसरा, “शीत मेळ्ळें?” या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे कित्येक महिन्यांत धड उत्तर नव्हते. घरी रांधतो तो भात त्यांच्या लेखी भात नव्हता. दुसऱ्याने वाढलेले शीत मिळाले का, असा त्यांचा अर्थ. मी मोरिस्केताचे वर्णन केले. ते नीट ऐकून घेऊन म्हणाले, “म्हणजे तें आमचें तोंडाकच न्ही?” खोबरे नाही, गरम मसाला नाही, म्हणून मी थोडी कुरकूर केली. पण त्यांच्यापुरता विषय संपला होता. त्यानंतर मुलगा अमेरिकेत तोंडाक-शीत जेवतो असे त्यांनी आळीत सांगितले.

नंतर मी या पदार्थाच्या मागे लागलो. मोरिस्केता हे मिचोआकानच्या ‘तिएर्रा कालिएंते’ म्हणजे उष्ण भूमीतले, आपातसिंगान-आगिलिल्याकडचे जेवण. शब्द मात्र तिथला नाही. फिलिपिन्समध्ये राहणारे स्पॅनिश लोक तिथल्या रहिवाशांच्या मीठ न घालता नुसत्या पाण्यात शिजवलेल्या भाताला मोरिस्केता म्हणत. 1565 पासून 1815 पर्यंत, अडीचशे वर्षे, मनिला आणि मेक्सिकोचे आकापुल्को बंदर यांच्यामध्ये स्पेनची जहाजे ये-जा करत होती. त्या जहाजांवर आशियातले खलाशी आणि गुलाम असत. त्यातले काही मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर राहून गेले. त्यांनी तिथे माड लावले आणि माडाला भांडे बांधून सूर काढायला शिकवले. कोलिमा राज्यात आजही ‘तुबा’ या नावाने ती विकली जाते. आपला रेंदेर तिथे ‘तुबेरो’ झाला! मेक्सिकोत एका जातीच्या आंब्याला आजही मनिला आंबा म्हणतात. भाताची ही रीतही त्याच वाटेने आली असावी असे जाणकार मानतात.

म्हणजे मी पंधरा हजार किलोमीटर ओलांडून ज्या ताटाला घरचे म्हणून हात घातला, ते ताटही आपल्याच बाजूच्या समुद्रातून निघाले होते तर.

उलट दिशेने काय आले ते आपल्याला जास्त ठाऊक आहे. मिरची पोर्तुगिजांनी आणली हे गोव्यातला शाळकरी मुलगाही सांगेल. काणकोणच्या खोल्याच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले, हरमलच्या मिरचीला मिळाले, आणि मिळायलाच हवे होते. पण दोघींचेही माहेर मेक्सिकोच्या बाजूला. टोमॅटो तिथला, शब्दही तिथल्याच नाहुआत्ल भाषेतला. पपई तिथली. चिकूचे तर नावच तिकडचे. काजू आणि अननस मात्र दक्षिण अमेरिकेतले, ब्राझीलच्या बाजूचे. ते मेक्सिकोच्या खात्यावर मांडू नयेत. पण मला खरा धक्का बसला तो फुलांचा. दसऱ्याला दारावर बांधतो तो झेंडू मेक्सिकोचा. निशिगंध मेक्सिकोचा. देवळाच्या प्राकारात ज्याच्या खाली आपण लहानपणी फुले वेचली, तो खुरचाफाही तिथलाच. परसातले जेवढे म्हणून ‘पारंपरिक’, त्यातले निम्मे या बाईंच्या देशातून आले, असे मनाशी म्हणत मी भातावर मिरचीचा ठेचा घेऊ लागलो. संस्कृतीच्या शुद्धतेवर बोलणाऱ्या व्याख्यात्यांना एकदा या हॉटेलात जेवायला घालावे असे माझ्या फार मनात आहे. बिल मी देईन.

बिलावरून आठवले. आमच्या दोघांच्यात सामायिक अशी भाषा नव्हती. त्यांचे इंग्रजी मोडके, माझे स्पॅनिश त्याहून मोडके. पण गल्ल्यापाशी पैसे देणे या क्रियेला त्या ‘पागार’ म्हणत. महिनाअखेर ज्याची वाट पाहतो तो आपला पगार पोर्तुगिजांच्या याच शब्दाचा. एकदा त्यांनी फरशी पुसणाऱ्या मुलाला ‘बाल्दे’ आणायला सांगितली आणि मीच उठून बाल्दी पुढे सरकवली. तेव्हापासून त्यांना वाटू लागले, की याला समजते, पण लाजतो.

सोमवारचीही अशीच गोष्ट. आमच्या घरी सोमवार म्हणजे शिवराक. अमेरिकेत येऊन बरेच काही सुटले, सोमवार राहिला. आता मेक्सिकन दाणे पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात, हे मला माहीत होते. पहिल्या सोमवारी मी हातवारे करून मांस नको, चरबी नको, असे सांगू लागलो. त्यांनी विचारले, आजारी आहेस का? नाही. मग डॉक्टरने सांगितले? नाही, देवाचा वार. त्यांचा चेहरा उजळला. “आह, कोमो क्वारेस्मा!” क्वारेस्मा! आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरात ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांना ‘कोरेज्म’ म्हणत, ते मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तोच शब्द. मी जोरात मान हलवली. होय, कोरेज्म, पण दर सोमवारी. त्यानंतर सोमवारी मी दारात दिसलो, की आत नुसती हाक जाई, “लुनेस!” आणि परतलेल्या दाण्यांऐवजी मातीच्या मडक्यात नुसते मीठ-कांदा घालून शिजवलेले दाणे माझ्या भातावर येत. श्रावणात महिनाभर मी मांस टाळले तेव्हा त्या थोड्या धास्तावल्या. त्यांच्या मते महिनाभर प्रायश्चित्त घ्यावे लागेल असे मोठे पाप माझ्या तोंडावर दिसत नव्हते.

बाबांचा पुढचा प्रश्न अर्थात, “सोमारा शिवराक मेळटा मू थंय?” मिळते म्हटल्यावर हॉटेल त्यांच्या दृष्टीने पास झाले. पुढे ते ‘ती बाय बरी आसा?’ असे तिचीही चौकशी करू लागले.

एकदा सुट्टीवरून परतताना आईने रेशाद मसाल्याची बरणी दिली होती. ती मी हॉटेलात नेली. बाईंनी झाकण उघडून वास घेतला, बोटाच्या टोकाने चाखला, आणि मागे वळून आतल्या स्वयंपाकिणीला बोलावले. दोघी मिळून त्या बरणीवर वाकल्या. “आदोबो,” त्या म्हणाल्या. लाल मिरची भिजत घालायची, लसूण, जिरे, लवंग, मिरी, आणि वाटताना व्हिनेगर. त्यांचा आदोबो असाच होतो. आपण तो बांगड्याच्या पोटात भरतो, त्या डुकराच्या मांसाला चोळतात. त्यांचा चोरिसो आणि आपला चोरीस यांचे नाते तर सांगायलाच नको. गोव्यातल्या बऱ्याच हिंदू घरांत चोरीस खात नाहीत, असे म्हणण्याची पद्धत आहे. मीही तसेच म्हणतो.

पण सर्वांत जास्त मी हरखलो तो उचेपो पाहून. उन्हाळ्यात कोवळा मका आला, की शनिवार-रविवारी त्या उचेपो करतात. कोवळे दाणे वाटून, थोडे दूध-साखर घालून, मक्याच्याच हिरव्या पानात गुंडाळून वाफवलेले. पान सोडले की जो वास येतो तो नाकात शिरताच मला नागपंचमीच्या पातोळ्या आठवल्या. हळदीचे पान आणि मक्याचे पान यांचा वास एक नव्हे, मुळीच नव्हे. पण हिरवे पान वाफेत शिजताना आपला जीव आतल्या पदार्थाला देते, ही जी एक गोष्ट आहे ती दोन्हीकडे एकच. मिचोआकानचा दाखला देऊन मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला युनेस्कोने 2010 साली मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, “मग भाडे कमी होणार का?”

मार्च 2020 मध्ये सान मातेओ जिल्ह्यासकट सगळा परिसर बंद झाला. ऑफिसला कुलूप लागले आणि दुपारी जेवायला येणारा पट्टेवाल्यांचा घोळका एका दिवसात नाहीसा झाला. त्या हॉटेलाला कुणी तारले असेल तर रंगारी, माळी, सुतार, घरकाम करणाऱ्या बायका, ज्यांना घरी बसून काम करण्याची सोय नव्हती त्यांनी. मी जवळच राहायला होतो. आठवड्यातून दोनदा जाऊन खिडकीतून डबा घेई.

मे 2021 मध्ये बाबा गेले. कोविड नव्हे, हृदय. पण दिवस कोविडचेच होते. गोव्यात दुसरी लाट शिगेला होती. माझ्या पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली होती. अमेरिकेत राहून नोकरी करायला ती अडचण नसते, पण एकदा बाहेर पडले की परत येताना नवा शिक्का लागतो. तो देणाऱ्या भारतातल्या कचेऱ्या जवळजवळ बंद होत्या. त्यातच 4 मे 2021 पासून भारतातून येणाऱ्या बहुतेक परदेशी नागरिकांना अमेरिकेने प्रवेशबंदी केली. गेलो असतो तर परत कधी आलो असतो याचा भरवसा नव्हता. मुलगी इथे शाळेत, बायको गरोदर. भाऊ म्हणाला, तू येऊ नको. सकाळी अकरा वाजता बाबांना नेले, आमच्याकडे आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेदहा. मी फोनवर पाहिले. मध्ये दोनदा रेंज गेली.

तिसऱ्या दिवशी हॉटेलात गेलो, कारण दुसरे कुठे जावे सुचले नाही. टेबले बाहेर फुटपाथवर मांडली होती. बाईंनी बशी ठेवली आणि विचारले, काय झाले. मी सांगितले. त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. सात वर्षांत त्यांना मी खुर्चीवर बसलेले पाहिले नव्हते. म्हणाल्या, माझी आई 2012 मध्ये गेली, तेव्हा व्हिडिओ वगैरे नव्हता. भावाने फोन पाद्रीच्या तोंडाजवळ धरून ठेवला होता, मी इथे स्वयंपाकघरात उभी राहून ऐकले. शेवटी मातीचा आवाज आला. मग फोनचे पैसे संपले.

मी विचारले नाही की तुम्ही का गेला नाहीत. या देशात वीस वर्षे राहिलेल्या माणसाला तो प्रश्न विचारायचा नसतो, एवढे मला कळत होते. हा हिशेब थोडा समजून घेण्याजोगा आहे. एके काळी मिचोआकानचे लोक इथे हंगामाला येत, पैसे कमावून गावच्या जत्रेला परत जात, पुन्हा येत. 1942 ते 1964 पर्यंत तर अमेरिकी सरकार स्वतःच करार करून शेतमजूर आणत होते. 1986 च्या कायद्याने जुन्या लोकांपैकी बऱ्याच जणांना कागद मिळाले. 1990 च्या दशकात सरहद्दीवर भिंती आणि पहारे वाढले, आणि 1996 च्या कायद्याने असे ठरवले की कागदांविना वर्षभराहून अधिक राहिलेला माणूस देश सोडून गेला, तर दहा वर्षे त्याला परत येता येणार नाही. परिणाम व्हायचा तो उलटाच झाला. ये-जा करणारे लोक जायचेच थांबले. ज्याने त्याने ज्या बाजूला आपली मुले होती त्या बाजूला राहून घेतले. आई-बाप पलीकडे राहिले. 2021 मध्ये तर आगिलिल्याकडे जाणारे रस्ते टोळ्यांनी आपापसातल्या लढाईत खणून ठेवले होते. गावात राहणाऱ्यालाच गावाबाहेर पडता येत नव्हते.

कागदाचा महिमा गोंयकाराला नव्याने सांगण्याची गरज नाही. 19 डिसेंबर 1961 पूर्वी आजोबा गोव्यात जन्मले एवढ्या पुराव्यावर आपल्याकडची मुले पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदवून युरोपात गेली. त्यात त्यांचे कर्तृत्व काय आणि ज्याच्या आजोबांचा जन्मदाखला वाळवीने खाल्ला त्याचा गुन्हा काय? आणि आपल्याकडेही कळंगुटच्या शॅकवर ‘अस्सल गोव्याची’ हुमण रांधणारा मुलगा ओडिशाचा किंवा नेपाळचा असतो. त्याची आई आजारी पडली तर तो कधी जातो, किती दिवसांनी येतो, हे त्या चविष्ट हुमणाबद्दल लिहिणारे आपण किती वेळा विचारतो?

असो. नोव्हेंबर 2021 बद्दल सांगायचे आहे.

नोव्हेंबरची पहिली आणि दुसरी तारीख म्हणजे मेक्सिकोत मेलेल्यांचे दिवस. घराघरांत ओफ्रेंदा मांडतात. पायऱ्यांचा चौरंग, त्यावर गेलेल्या माणसांची छायाचित्रे, मेणबत्त्या, पाण्याचा पेला, मीठ, पाव आणि त्या माणसाला आवडत असलेले जेवण. आणि झेंडू. मैलभर दिसावा असा पिवळाधमक झेंडू, कारण त्याच्या रंगाने आणि वासाने मृतांना वाट सापडते असे मानतात. त्या वर्षी दिवाळीही 4 नोव्हेंबरला होती. मी तोरणासाठी झेंडू घ्यायला मिडलफिल्ड रोडवरच्या दुकानात गेलो तर बाई तिथेच दोन्ही हातांत जुड्या घेऊन उभ्या. म्हणाल्या, वडिलांचा फोटो आण.

मी छापून नेला. हॉटेलच्या कोपऱ्यात चौरंगावर त्यांची आई होती, भाऊ होता, ज्या म्हाताऱ्या रंगाऱ्याच्या बशीवरून मला मोरिस्केता कळली तोही होता. त्याला कोविडने नेले हे मला तेव्हाच कळले. त्यांच्या शेजारी बाबा, टोपी घालून, शांतादुर्गेच्या जत्रेत काढलेला फोटो. बाईंनी विचारले, काय आवडायचे? मी म्हटले, मासे. बांगडा. तळलेला, मसाला भरून. त्या फक्त ‘बुएनो’ म्हणाल्या.

आपल्याकडे म्हाळाला काय वाढतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. खीर, वडे, भाज्या. ज्या माणसाने जन्मभर नुस्त्याशिवाय घास उचलला नाही, त्याच्या नावाने पानावर वडे-खीर वाढून आपण कावळ्याची वाट पाहतो, आणि कावळा आला नाही की म्हणतो, काय इच्छा राहिली असेल कोण जाणे! दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा बाबांच्या फोटोपुढे एक लांबट बशी होती. तिच्यात शेपटीपासून डोक्यापर्यंत अख्खा तळलेला मासा, पोट चिरून लाल मसाला भरलेला. बरणीच्या तळाशी उरलेला रेशाद त्यांनी राखून ठेवला होता. बाजूला भाताची वाटी.

मी फोटो काढून आईला पाठवला. तिने बराच वेळ काही लिहिले नाही. मग फोन आला. घसा खाकरून तिने एवढेच विचारले, “आनी हुमण?”

8 नोव्हेंबर 2021 ला प्रवेशबंदी उठली. फेब्रुवारी 2022 मध्ये शिक्क्याची तारीख मिळाली आणि मी गोव्याला जाऊन आलो. परतल्यावर बाईंनी विचारले, थडग्यावर फुले घातलीस? आमच्यात थडगे नसते, अस्थी पाण्यात सोडतात, हे सांगताना माझे स्पॅनिश संपले. मग तू कुठे गेलास, त्यांनी विचारले. मी म्हटले, घरी. माजघरात त्यांची खुर्ची आहे, तिथे. त्यांनी मान हलवली. आपल्या आईच्या थडग्याचा फोटो त्यांच्या फोनमध्ये आहे. निळ्या रंगाने रंगवलेले आहे. रंगाचे पैसे त्यांनी पाठवले होते.

आता ऑफिस आठवड्यातून तीन दिवस भरते. मंगळवार, बुधवार, गुरुवार. सोमवार त्यात नाही, तरी सोमवारी मी मुद्दाम जातो. 2025 पासून हॉटेल बदलले आहे. त्या वर्षी देशभर धरपकडी वाढल्या, आणि मिडलफिल्ड रोडवर दुपारी एक वाजतासुद्धा टेबले रिकामी दिसू लागली. कागद असलेलेही दबकून असतात. सप्टेंबर 2025 मध्ये आमच्या जातीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हा म्हाळाला म्हणून घरी गेलेले दोन सहकारी सगळे अर्धवट टाकून विमानतळावर धावले होते. नंतर कळले की जुन्या व्हिसावाल्यांना ते लागू नाही. आम्ही नंतर त्यावर हसलो. बाईंच्या वाट्याला असा खुलासा येत नाही.

त्या हल्ली गल्ल्यावर बसत नाहीत. तिथे त्यांची मुलगी असते. तिचा जन्म इथलाच, कॉलेजात शिकते, इंग्रजी फाडफाड बोलते आणि पट्टेवाल्यांना बुरीतो विकण्यात आईपेक्षा वाकबगार आहे. रस्त्याकडच्या खिडकीला अर्ध्या उंचीपर्यंत पडदा लावला आहे. स्वयंपाकघराचे दार लोटलेले असते.

मी मुलीला कधी काही सांगत नाही. ती माझ्याकडे पाहते, भिंतीवरचे कॅलेंडर पाहते, आणि दाराच्या फटीतून आत हाक देते, “मामा, लुनेस!”

आतून झाकणाचा आवाज येतो.